तू लावलेला टॅग

नलू, तुला एक गोष्ट सांगायची राहिली. त्या पुडीवर मी टॅग लावला नव्हता. "लावला" म्हणालो, ते खोटं होतं.

तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. तेरवी झाली. सून आणि पोरं आधीच गेली होती, प्रशांत काल हैदराबादला गेला. तेरवीला तुझ्या लॅबमधल्या दोघीजणी आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "भाईसाहब, दीदी के बारे में दो शब्द बोलिए." मी उभा राहिलो, हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा गळा भरून आला. गळा ठणठणीत होता. मला जे बोलायचं होतं ते पंगतीत बोलण्यासारखं नव्हतं, एवढंच.

घरात मी एकटा आहे. भिलाईतल्या कुरुदच्या या घराभोवती दिवसभर बांधकामांचा आवाज चालू असतो, त्यामुळे घर शांत झालं असंही म्हणता येत नाही. पण तू गेल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझं मराठी बंद पडलं. प्रशांत माझ्याशी हिंदीत बोलतो, "पापा, दवाई टाइम पे लेना." शेजारीण छत्तीसगढीत विचारपूस करते. दूधवाला, भाजीवाला, बँकवाला, सगळे हिंदी. काल दिवसभरात मी मराठीत एकच वाक्य बोललो, आणि तेही मोटरचं बटण दाबताना: "नलू, टाकी भरली का पाह्य." आयुष्यभर मी स्वतःला मराठी माणूस म्हणवत आलो. मराठी माझं होतं, ते तुझ्यापुरतं.

तुझ्याशिवाय मराठीत बोलायला माझा एकच माणूस उरला, माझ्याच मिलमधला बोरसीचा देवाजी. त्याच्याकडे मी आज सकाळी जाऊन आलो. ते पुढे सांगतो. आधी टॅगचं.

तुला आठवतं ना, टॅग आपल्या घरात कसा शिरला? लग्नाचं पहिलं वर्ष होतं, सेक्टरमधलं क्वार्टर नुकतंच मिळालं होतं. मी स्टील प्लांटच्या मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. मोटरमध्ये हात घालायच्या आधी तिची वीज बंद करायची आणि स्विचला आपला लाल टॅग तारेनं बांधायचा. त्यावर नाव, विभाग, तारीख, कारण, सही. टॅग लटकतोय तोवर स्विचला कोणी हात लावत नाही. ज्याने बांधला त्यानेच काढायचा. त्या दिवशी काम संपवून मी घरी आलो आणि टॅग तिथंच विसरलो. जेवायला बसतो तोच फोरमननं पाठवलेला माणूस स्कूटरवर हजर. दार तू उघडलंस, हाताला कणीक. तो म्हणाला, "वहिनी, साहेबाले पाठवा. त्यायचा टॅग लटकून राहिला, अख्खी लाइन उभी हाय, काम ठप्प." मी बनियनवरच निघालो होतो, तू मागून शर्ट फेकलास.

परत आल्यावर तू पदर तोंडाला लावून हसत होतीस.

"तुमच्याबिगर कोणीच नाई काढू शकत?"

"नाई."

"मॅनेजरबी?"

"त्याचा बापबी नाई."

"अन माणूस मेला तर?"

"काहीतरीच नको बोलू. भाजी वाढ."

तेव्हा मी भाजीवर निभावून नेलं. तू मात्र दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून एक जुना टॅग मागून घेतलास आणि स्विचबोर्डाशेजारी खिळ्याला टांगलास. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरायचं तर मी तो आधी स्विचला बांधला पाहिजे, मगच तू बादली उचलणार. पुढे या घरात आलो तेव्हा इथल्या बोर्डाशेजारीही तू सगळ्यात आधी त्याच्यासाठी खिळा ठोकून घेतलास. हळूहळू तो शब्द सगळ्या गोष्टींना लागला. गॅस, कुलूप, प्रशांतची फी, रेल्वेचं तिकीट. "टॅग लावला का?" म्हणजे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं का. मी "लावला" म्हटलं की तू पुन्हा विचारत नव्हतीस. नवऱ्याच्या शब्दावर इतका भरवसा ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि एरवी तू काय कमी संशयी होतीस!

तुझं काम संशयाचंच होतं. कॅम्प वनच्या दवाखान्यात थुंकीच्या डब्या उघडायच्या, काचेवर थर द्यायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून टीबीचे जंतू शोधायचे. संध्याकाळी घरी आलीस की डोळ्यांवर थंड पाण्याचा रुमाल. लोक मला विचारायचे, भीती नाही वाटत? मला वाटायची. तुला नाही.

आपलं कायमचं भांडण तिथूनच सुरू झालं. दवाखान्यात कोणी डॉक्टर वर्ग घ्यायचे आणि तू वहीत उतरवून आणायचीस. एका रविवारी वरणभात कालवता कालवता तू मला शिकवायला बसलीस.

"आपल्या अंगात खाणाऱ्या पेशी असतात. जंतू दिसला का गिळतात. पण हा टीबीचा जंतू असा बदमाश, का गिळल्यावरबी मरत नाई. तिच्याच पोटात खोली करून राह्यते."

"मंग?"

"मंग बाहेरून दुसरी पेशी येते. तिले सांगते, बाई, तुह्या घरात चोर हाय. तवा ही जागी होते. त्या खोलीत तेजाब सोडते, ॲसिड. अन तिथलं लोखंड काढून घेते."

"लोखंड?"

"लोखंडाबिगर त्याले वाढता येत नाई."

मला इतकं हसू आलं की ठसका लागला. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर लोखंडाची धूळ बसते अशा गावात आपण राहतो. मी म्हणालो, "अख्ख्या भिलाईत लोखंडाचा पूर, अन तुझा जंतू लोखंडापायी उपाशी!"

"तो उपाशी हाय म्हनून आपन जेवून राहिलो," तू म्हणालीस.

"अन मंग मरते का?"

"कधी मरते, कधी नाई. पण वाढू देत नाई."

"म्हणजे अर्धवट काम."

झालं. तेव्हापासून मी तेच म्हणत आलो. फॉल्ट सापडला तर काढून टाकायचा, त्याच्याजवळ जन्मभर पहारा देत कोण बसतं? तू म्हणायचीस, तुमच्या मोटरीचं वेगळं, माणसाचं वेगळं. कितीतरी माणसांच्या छातीत जंतू दबून असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. आतल्या पेशी घोळका करून त्याला घेरून बसतात. "माझ्यातबी असतीनच. इतकी वर्षं त्या डब्या उघडून राहिली. पेशी बसल्या हायेत पहाऱ्याले, म्हनून तुमाले पोळी वाढून राहिली." हे तू अगदी सहज बोलायचीस, आणि मी विषय बदलायचो.

मग तू रिटायर झालीस आणि तुझे हात आखडले. सांधे सुजले, बोटं वाकडी व्हायला लागली. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होत्या, पण त्या सावकाश काम करणाऱ्या. तुझ्या ब्लाउजची बटणं मी लावायचो. तू खिडकीकडे तोंड करून उभी राहायचीस. एके दिवशी पोळपाटावर अर्धी पोळी तशीच सोडून तू स्वयंपाकघरात खाली बसलीस आणि रडलीस. सासू गेली तेव्हा सगळ्यांना सांभाळणारी, रिपोर्ट वाचताना आवाज न हलणारी बाई पोळी लाटता येत नाही म्हणून रडली. माझ्याच्यानं ते पाहवलं नाही.

गावाबाहेरच्या रस्त्यावर एक पुडीवाला बसायचा. कागदात बांधलेली तपकिरी पावडर, सांधेदुखीवर. मी विचारलं, "इसमें क्या है?" तो म्हणाला, "जड़ी-बूटी है बाबूजी, और कुछ नहीं." मी आणली. तू पुडी उघडून वास घेतलास, चिमूट बोटांत चोळून पाहिलीस.

"असल्या पुड्यायत काहीबी मिसळते. दवाखान्यातल्या डॉक्टरले दाखवून आना. मंग घेते."

मी गेलो, नलू. एवढं खरं आहे. पुडी खिशात घेऊन दवाखान्यापर्यंत गेलो. रांग मोठी होती, ऊन चढलं होतं. बाकावर बसलो, बाहेर चहा प्यालो. मनात आलं, डॉक्टर नाहीच म्हणणार, ते नेहमी नाहीच म्हणतात. आणि तो नाही म्हणाला तर तुझे हात तसेच राहणार. मी तसाच परत आलो. चप्पल काढत होतो तेव्हा तू आतून विचारलंस, "टॅग लावला का?"

"लावला."

पुढचे काही महिने आपल्या घरात सण होता. चार दिवसांत सूज उतरली. तू पोळ्या लाटल्यास, लसूण सोललास, प्रशांतच्या पोरीला स्वेटर विणायला घेतलास. हळदीकुंकवाला बाया म्हणाल्या, रिटायरमेंट मानवली हो तुम्हाला, गाल भरले. मी छाती फुगवून फिरत होतो. देवाजीच्या बायकोचे गुडघे दुखायचे, तर त्यालाही पुडी नेऊन दिली आणि वर सांगितलं, "नलूनं तपासून घेतली हाय, डोळे झाकून दे." तुझं नाव लावलं मी त्याला. लॅबवाली बाई म्हटल्यावर कोण शंका घेणार?

एकदा तू आरशासमोर बराच वेळ उभी होतीस. गाल बोटानं दाबून पाहिलास.

"फुगली नाई का मी?"

"भरून आली," मी म्हणालो.

तू आरशातूनच माझ्याकडे पाहिलंस. त्या पाहण्याचा अर्थ मी अजून लावतोय.

मग संध्याकाळचा ताप सुरू झाला. मग खोकला. दोन आठवडे तू काही बोलली नाहीस, आणि एका सकाळी साडी नेसून म्हणालीस, "मी लॅबमदे जाऊन येते." दुपारी परत आलीस, पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "माही स्लाइड मीच पाह्यली. पोरी नाई म्हनत होत्या. निळ्यावर लाल काड्या. लय हायेत." भाजीचा भाव सांगावा तशी. जन्मभर दुसऱ्यांच्या थुंकीत जे शोधलंस ते स्वतःच्यात सापडलं, आणि तू चप्पल जागेवर ठेवून हातपाय धुवायला गेलीस.

टीबीच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. मला वाटलं, सहा महिने आणि सुटलो. पण तो छातीत थांबला नव्हता, मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. आधी डोकं दुखायला लागलं, मग उलट्या, मग तू मला ओळखेनाशी झालीस. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुझी बोटं चादरीवर काहीतरी फिरवत होती, बारीक बारीक, पुढे-मागे. नर्स म्हणाली, असं होतं. मला माहीत होतं तू काय करतेस. सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवत होतीस.

तू गेल्यावर कागदांवर सह्या करताना त्या तरुण डॉक्टरबाई माझ्याशी बोलल्या. "अंकल, आंटी ने पहले ही दिन बता दिया था. पाउडर उन्होंने खुद मँगवाया था, आपको तो मालूम भी नहीं था. ऐसे पाउडर में अक्सर स्टेरॉइड मिला होता है. वो अंदर के पहरेदारों को सुला देता है." एकदम थांबवणं धोक्याचं म्हणून पुडीऐवजी त्यांनी तेच औषध गोळ्यांतून देत हिशेबानं कमी करत आणलं होतं. हे सगळं तुम्ही दोघींनी ठरवलं होतं, आणि मी बाहेर बाकावर बसून तुझ्यासाठी डाळिंब सोलत होतो.

मी मान डोलावली. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मीही म्हणालो. ते दुसरं खोटं.

काल प्रशांतची गाडी सुटल्यावर मी घरी आलो आणि बँकेसाठी तुझे कागद काढायला लोखंडी कपाट उघडलं. साड्यांच्या मागे डबा सापडला. त्यात उरलेल्या पुड्या. झाकणावरून तार घेऊन माझा लाल टॅग बांधलेला. तारेला तीन पिळे, मी तुला शिकवले होते तसेच. तसले हात असताना तू ते तीन पिळे कसे दिलेस, मला कळत नाही.

नाव: नलिनी. विभाग: स्वयंपाकघर. तारीख, तू स्वतःची स्लाइड पाहून आलीस त्याच दिवसाची. कारण: आत काय आहे ते माहीत नाही. खाली वाकडीतिकडी सही.

मी स्विचबोर्डाकडे जाऊन पाहिलं. खिळा रिकामा होता. इतके दिवस मी त्याच्या शेजारचं बटण दाबत होतो आणि तो रिकामा आहे हे मला दिसलं नव्हतं.

नलू, तू ओरडायचं होतंस. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मी तुझ्यावर जन्मभर ओरडलो, तू एकदा तरी ओरडायचं. "खोटं कावून बोलले?" एवढं विचारलं असतंस तर मी पाय धरले असते. मला राग येतो तुझा, खरंच येतो. तू मला माफी मागायलाही जागा ठेवली नाहीस. आणि लगेच वाटतं, या माणसाला आता हेच घेऊन एकट्यानं राहायचंय, त्याला कशाला टोचू, असंच काहीतरी तुझ्या मनात असेल. माझं खोटं तू गिळलंस आणि वाढू दिलं नाहीस. प्रशांतपर्यंत गेलं नाही, डॉक्टरांपर्यंत नाही, तुझ्या लॅबमधल्या पोरींपर्यंत नाही. अशा कामाला मी अर्धवट म्हणत होतो.

पण एका ठिकाणी ते आधीच गेलं होतं आणि तुला ते ठाऊक नव्हतं. देवाजीची बायको रोज तीच पुडी घेत होती, तुझ्या नावावर.

आज सकाळी डबा पिशवीत घालून मी बोरसीला गेलो. वहिनींनीच दार उघडलं. भराभर चालत आल्या, गाल गोल. तसेच गाल तू आरशासमोर दाबून पाहिले होतेस. त्यांनी चहाचं आधण ठेवलं. देवाजी म्हणाला, "बस बापा. एकटा काय करतं तिकडं? इकडंच येत जा जेवाले." गोंदियाकडून आम्ही दोघं एकाच गाडीनं भरतीला आलो होतो, तुला माहीतच आहे. मनात आलं, उद्या सांगू. आज दोन घास याच्या घरी मराठीत बोलत खाऊ, उद्या सांगू. अगदी त्या दवाखान्याच्या बाकावर आलं होतं तसंच मनात आलं.

मी डबा टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. नलूनं तपासली नव्हती, मीही तपासली नव्हती, मी खोटं बोललो, नलू त्यानंच गेली.

वहिनी म्हणाल्या, "पण भाऊजी, मले तर तिच्यानंच चालता येते."

"नलूलेबी येत होतं, वहिनी."

देवाजी टॅगकडे पाहत राहिला. त्यानंही जन्मभर टॅग बांधले आहेत, त्याला वाचून दाखवावं लागलं नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "पंधरा दिवस तू कावून थांबला? तेरवीत माह्या बायकोच्या हातचं वाढलेलं जेवला तू. ते रोज पुडी घेऊन राहिली, अन तू जेवून राहिला?"

टॅग तर कालच दिसला, असं म्हणता आलं असतं, पण डॉक्टरबाईंचं बोलणं मी त्याच्या कितीतरी आधी ऐकलं होतं.

मी एवढंच सांगितलं की एकदम बंद करू नका, उद्याच डॉक्टरांकडे चला, छातीची तपासणी करून घ्या, मी बरोबर येतो, जे सांगायचं ते मीच सांगतो. वहिनींनी गॅस बंद केला. चहा पातेल्यातच राहिला. देवाजी दारापर्यंत आला, चौकटीला हात टेकवून उभा राहिला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "कल सुबह आठ बजे अस्पताल आ जाइए."

आ जाइए. गोंदियाच्या गाडीत माझ्या डब्यातली भाकर मोडून खाणारा देवाजी माझ्याशी हिंदीत बोलला, नलू. तेही अहोजाहो करून.

उद्या मी आठच्या आधी जाईन. वहिनींचा पहारा अजून जागा असेल, अशी आशा आहे. डॉक्टरबाईंना सांगेन की पुडी मी आणली होती, दोन्ही घरांत, आणि तू त्यांना जे सांगितलंस ते खरं नव्हतं. तुला आवडणार नाही. तरी सांगेन.

डबा मी परत आणून तुझ्या साड्यांमागे ठेवला आहे. उद्या तपासायला एक पुडी लागेल, ती वहिनींकडची देऊ. हा डबा उघडायचा तर तार सोडावी लागेल, आणि तो टॅग माझा नाही. माणूस मेला तर कोण काढतं, असं तू विचारलं होतंस आणि मी भाजी मागितली होती. कोणी काढत नाही, नलू. लाइन उभी राहते.